प्रवासवर्णन शिकायला परदेशी कार्यशाळा : जावं का?

सुरंगीचा_वळेसर

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गुहागरची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला दोन वर्षं झाली. मागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्यात, तिथे पर्यटक उतरतात. रांधणं माझ्याकडे, हिशेब आणि भांडणं 'ह्यां'च्याकडे. लिहायची खाज शाळेपासूनची. दोन दिवाळी अंकांत प्रवासलेख छापून आले. एकाचं मानधन आलं, दुसऱ्याचा नुसता अंक आला.

डिसेंबरात आमच्याकडे एक जर्मन बाई आठ दिवस राहून गेली. रोज सकाळी खळ्यात खुर्ची टाकून वहीत लिहीत बसायची. समुद्रावर न जाता! शेवटी न राहवून विचारलं. म्हणाली, पोर्तुगालला एक कार्यशाळा केली होती, तेव्हापासून ही सवय. जाताना दुवा देऊन गेली. लिस्बनजवळ सात दिवस, बारा जण, शिकवायला दोन लेखक. सकाळी वर्ग, दुपारी गावात भटकंती, संध्याकाळी एकमेकांचं वाचन. राहण्यासकट १,९०० युरो. विमान, व्हिसा, वरखर्च धरून सव्वातीन लाखांच्या आसपास जातं.

असं शिकून येतं का हो? आणि मी लिहिणार मराठीत, ते शिकवणार इंग्रजीत, तर त्याचा उपयोग किती? 'हे' म्हणतात, तेवढ्यात छपरावर सोलर बसेल.

हर्णैचा_भोंगा

सोलरला माझं मत. वहीतून वीज येत नाही.

दुपारची_झोप

वाचतेय. मलाही जायचंय, पण माझ्याकडे सोलरचेही पैसे नाहीत.

जांभा

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी कुठल्या कार्यशाळेला गेले होते? डोक्यावर कर्ज, म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशी डोळ्यांनी पाहिली, लुटले गेले, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांचा 'माझा प्रवास' आजही हातातून सुटत नाही. लिहिण्याजोगं काही घडलं की लिहिता येतं. सात दिवस हॉटेलात राहून काय घडणार?

प्रवासवर्णन हा शिकवण्याचा विषयच नाही असं माझं मत.

तिरफळ

@जांभा, उदाहरण छान आहे, पण ते तुमच्याच विरोधात जातंय. गोडसे भटजी परत आल्यावर पंचवीसेक वर्षं काही लिहीत नव्हते. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी मागे लागून लिहून घेतलं. १९०७ साली छापताना वैद्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला, आणि मूळ हस्तलिखितावरचं पुस्तक पुढे दत्तो वामन पोतदारांनी आणलं. म्हणजे "लिही" म्हणणारा एक माणूस आणि कागदावर लाल शाई फिरवणारा एक माणूस त्यांनाही लागलाच. (ती शाई जरा जास्तच फिरली, तो वेगळा विषय.)

ताईंचा खरा प्रश्न तो माणूस कुठे मिळतो हा आहे. गुहागरात की लिस्बनमध्ये.

गजालीकार

तीन लाख देवन लिवक शिकाक जातंस? त्यापरास वेंगुर्ल्याच्या माशांच्या बाजारात सकाळी धा वाजता उभी रव. संवाद कसो लिवचो ता फुकट शिकशीत. फक्त वही पदराखाली लपव, नायतर संवादात तुझोच उद्धार व्हयत.

चाकरमानी_दादर

गजालीकार 😂😂

निवृत्त_तारमास्तर

लिहिण्यातलं मला कळत नाही, कागदपत्रांतलं कळतं. मुलीकडे तीनदा जाऊन आलोय. सुरंगीताई, उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागेल. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो. ते परत मिळत नाही, व्हिसा नाकारला तरी. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून लवकर हात घाला. आयोजकांकडून तारखा आणि मुक्कामाचा पत्ता असलेलं पत्र मागून घ्या. बँकेतून निवृत्त आहात, त्यामुळे खात्याचे उतारे कसे असावेत हे तुम्हाला काय सांगायचं.

आणखी एक. पैसे टूर पॅकेज म्हणून बाहेर गेले तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापतील. घाबरू नका, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. आयोजक कार्डाने पैसे मागत असतील तर बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला जादा शुल्क लागतं, ते आधी विचारा.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी बदलावं लागतं. वाट बघायला चार तास ठेवा, दोन नको. फ्रँकफर्टला मी पळालोय.

हर्णैचा_भोंगा

फ्रँकफर्टला पळालेले तारमास्तर! प्रवासवर्णन इथेच सुरू झालं की. काका, पुढे काय झालं?

निवृत्त_तारमास्तर

विमान मिळालं. बॅग मिळाली नाही.

कोर्लईचा_वारा

पोर्तुगाल म्हटल्यावर मला राहवेना.

आमच्याकडे कुंडलिका खाडीच्या एका अंगाला रेवदंडा, दुसऱ्या अंगाला कोर्लई. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले. पण कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आहे. ते तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारे हजारभर असतील. लोक येतात, किल्ल्यावर जातात, दीपगृह बघतात, वडापाव खातात आणि जातात. मासळी निवडत बसलेल्या दोघी बायका कुठल्या भाषेत बोलतायत इकडे कोणी कान देत नाही. मी स्वतः अलिबागला कॉलेजात जाईपर्यंत दिला नव्हता.

आणि इथे परदेशी माणूस येऊन लिहून गेला तेही ऐका. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, पंधराव्या शतकात आमच्या चौलला उतरला. विकायला सोबत एक घोडा. त्याने काय लिहून ठेवलं? इथले लोक उघड्या डोक्याने, उघड्या अंगाने फिरतात, बायका केसांची एक वेणी घालतात, आणि मी जाईन तिथे माझ्यामागे गर्दी, गोरा माणूस बघायला. पुढे जुन्नरला तो घोडाच खानाने काढून घेतला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

चौलच्या माणसाने त्या काळात "आमच्या बायका एक वेणी घालतात" असं लिहिलं असतं का? कशाला लिहील!

जांभा

@कोर्लईचा_वारा, हे मान्य. पण निकितीनने फी भरली नव्हती.

तिरफळ

घोडा भरला होता की. परत मिळाला, पण मधले दिवस कसे गेले ते वाचा एकदा. धर्म बदल नाहीतर घोडा विसर असं चाललं होतं.

पाखाडी

धागा उशिरा पाहिला. मी अशा कार्यशाळेला जाऊन आलेय, तीही पोर्तुगालच्याच. सुरंगीताईंनी सांगितलेलीच होती का माहीत नाही, आणि नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे. जरा लांब लिहिते.

मी दापोलीजवळच्या मुरुडची, सध्या पुण्यात. नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे आले त्यातले त्याने मला दिले. म्हणाला, तू कधी काही मागितलं नाहीस.

आधी तक्रार. 'समुद्राकाठची स्वतंत्र खोली' म्हणून पैसे घेतले आणि खोलीत आम्ही दोघी. समुद्र न्हाणीघराच्या खिडकीतून दिसायचा, तोही स्टुलावर उभं राहून. दोन लेखकांपैकी एक येणार होते ते आलेच नाहीत, त्यांच्या जागी आयोजकांचा मित्र आला. त्याने दोन दिवस स्वतःचे प्रवास सांगितले. सातांपैकी चार दिवस फुकट गेले असं मी धरून चालते.

आता उरलेले तीन.

एक दिवस आम्हाला नाझारेला नेलं. मोठ्या लाटांसाठी प्रसिद्ध गाव. २०११ साली तिथे ७८ फुटांच्या लाटेवर स्वार होऊन एकाने विक्रम केला, तेव्हापासून जगभरचे लोक येतात. आम्ही गेलो तेव्हा समुद्र झोपलेला होता. पण पुळणीवर बायका मासे वाळवत होत्या! पोट चिरून उघडलेले मासे, जाळी मारलेल्या लाकडी चौकटींवर ओळीने पसरलेले. काही म्हाताऱ्या अजून जुन्या पद्धतीने एकावर एक सात परकर घालतात. बाकीचे अकरा जण फोटो काढायला धावले. मी तिथेच उभी. मला वास आला आणि मी हर्णैच्या बंदरात पोचले.

संध्याकाळी सगळ्यांनी वाचलं. सात परकर, सात समुद्र, काळ थांबलाय वगैरे. मी लिहिलं होतं की माशी बसू नये म्हणून ती बाई दर दोन मिनिटांनी हात फिरवत होती आणि हात फिरवताना बोलणं थांबवत नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी तेवढं ठेवायला सांगितलं. मग विचारलं, किलोचा भाव काय? कोण विकत घेतं? पाऊस आला तर चौकटी कुठे नेतात? मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. म्हणाल्या, तुझ्या गावात हेच काम चालतं म्हणालीस ना, तिथली उत्तरं सांग. तीही सांगता येईनात. लहानपणापासून सुकट खातेय, पण वलांडीवर वाळत घातलेले बोंबील रात्री आत घेतात की नाही हे मला ठामपणे सांगता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरं भाषेचं. मी मराठीत लिहायचे आणि रात्री बसून इंग्रजी करायचे. आमच्या जुन्या घरावर लिहिलं होतं, त्यात 'जांभा दगड'. शब्दकोशातून लॅटराइट काढून ठेवलं. कोणालाच कळलं नाही. बाई म्हणाल्या, शब्द नको, तो दगड काय करतो ते सांग. मी म्हटलं, जमिनीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वाऱ्यावर ठेवला की कठीण होत जातो. आयर्लंडची एक बाई होती, ती म्हणाली, हे वाक्य ठेव आणि बाकीचं पान टाकून दे.

मराठीत मी ते वाक्य कधीच लिहिलं नसतं. 'जांभ्याच्या भिंती' म्हणून पुढे गेले असते.

आणि एक गंमत. तिथल्या बाजारात भाजीवाली ओरडत होती, त्यात 'बटाटा' ऐकू आलं. मग कोबी दिसला, त्याला 'कोव्ह' म्हणतात. ती पाणी मारायला पसरट भांडं घेऊन आली, त्याचं नाव विचारलं तर 'गामेला'. मी तिला म्हटलं, आमच्याकडे गवंड्यापाशी असतं, घमेलं! तिला काही कळलं नाही, पण दोन संत्री जास्त टाकली.

तर जावं का? पैसे भरण्याआधी आयोजकांना एकच विचारा : माझं लिहिलेलं पान कोणी बसून वाचणार आहे का, आणि किती वेळ?

जांभा

पाखाडीताई, माझ्या आयडीवर एवढं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं. वाऱ्यावर ठेवला की कठीण होतो, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मऊ कधी होता?

मुद्दा मान्य. पण चार दिवस फुकट गेले हेही तुम्हीच लिहिलंत.

गजालीकार

बोंबील रात्री आत घेतत काय? इच्यारलंय तर आवस म्हणता, दंव पडलां तर झाकूक व्हया, नायतर वाट लागता. पाखाडीताय, एका प्रश्नाचा उत्तर इला. फी पाठवा.

पाखाडी

गजालीकार, आईंना नमस्कार सांगा. तीन वर्षांनी उत्तर मिळालं.

दुपारची_झोप

भारतातच असं काही नाही का? किंवा ऑनलाइन?

तिरफळ

@दुपारची_झोप, आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम १९६७ पासून आहे. आपले कवी दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात तिथे होते. तिथे निवड होऊन जायचं असतं, पण त्यांनी मोफत ऑनलाइन वर्गही चालवलेत. इंग्लंडमध्ये आर्व्हन नावाची संस्था १९६८ पासून निवासी लेखनवर्ग घेते. सोमवार ते शनिवार, आणि रात्रीचा स्वयंपाक विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने करायचा.

सुरंगीचा_वळेसर

स्वयंपाक मी इथे रोज करते, त्यासाठी इंग्लंडला नको. 😀

सगळ्यांचे आभार. पाखाडीताई, तुमचा प्रतिसाद 'ह्यां'ना मोठ्याने वाचून दाखवला. न्हाणीघराच्या स्टुलाशी आल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

एक धाडस करू का? गेल्या आठवड्यात दापोलीहून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीने आलो, त्यावर थोडं लिहिलंय. इथेच टाकते. हवी तेवढी लाल शाई फिरवा.

"मावळतीच्या सोनेरी किरणांनी वाशिष्ठीचं पात्र न्हाऊन निघालं होतं. निसर्गाची ती मुक्त उधळण पाहून प्रवासाचा शीण कुठल्या कुठे पळाला. आम्ही दाभोळच्या धक्क्यावर आलो तेव्हा फेरीबोट लागलेलीच होती. आंब्याच्या पेट्यांनी भरलेला एक टेंपो चढत होता. एक वृद्ध कोळीण रिकामी पाटी घेऊन कठड्याला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आयुष्यभराच्या कष्टांच्या रेषा उमटल्या होत्या. पलीकडे धोपावे खुणावत होतं. कोकणी माणूस खरोखरच साधाभोळा!"

हर्णैचा_भोंगा

मला आवडलं. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

तिरफळ

भोंगा, तुम्हाला सगळंच आवडतं.

ताई, 'साधाभोळा' काढा. त्या कोळणीशी दहा रुपयांवरून घासाघीस करून बघा आणि मग भोळं कोण ते लिहा. धोपावे 'खुणावत' नव्हतं, नुसतं होतं. सोनेरी किरण मी आजवर शंभर दिवाळी अंकांत वाचलेत, आणि त्यातल्या निम्म्यांत काहीतरी 'न्हाऊन निघतं'.

पाखाडी

तिरफळ, जरा हळू. पहिलाच धागा आहे त्यांचा.

ताई, मी असते तर 'आम्ही दाभोळच्या धक्क्यावर' इथून सुरू केलं असतं. आधीची दोन वाक्यं लिहिताना तुम्ही समुद्र बघत नव्हता, घरी बसला होता. मलाही हीच खोड होती, माझी पहिली पानंच्या पानं गेली त्यात.

पाटी रिकामी हे छान टिपलंत. पण का रिकामी? सगळं विकलं की काही मिळालंच नाही? ती कुठून कुठे चालली होती? कष्टांच्या रेषा वगैरे आपण तिला न विचारता तिच्या तोंडावर काढल्या. आणि तो टेंपो. मला सगळ्यात जास्त तो टेंपो बघायचाय. भरलेला टेंपो डुगडुगत्या बोटीवर चढवताना ड्रायव्हर घाबरत नाही का?

जांभा

आणि पेट्या कुठे चालल्या होत्या? दाभोळहून धोपाव्याला म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला. हापूस दक्षिणेला कशाला जाईल?

चाकरमानी_दादर

जांभासाहेबांनी बरोबर पकडलं. मीही दोनदा वाचलं आणि लक्षात आलं नाही.

निवृत्त_तारमास्तर

पेट्या रिकाम्या असतील. बागेत भरायला न्यायच्या.

सुरंगीचा_वळेसर

अहो, मला माहीतच नाही! मी बघितलंच नाही. पेट्या दिसल्या, आंबे मीच घातले.

हर्णैचा_भोंगा

आंबे मीच घातले 😂 धाग्याचं शीर्षक बदला.

कोर्लईचा_वारा

(अवांतर) बोटीवर गाडी उलटी चढवायची की सुलटी यावरून माझं आणि मेव्हण्याचं आजही बोलणं बंद आहे.

सुरंगीचा_वळेसर

चार दिवसांनी येतेय. मंगळवारी पाहुणे नव्हते, तर स्कूटर घेऊन धोपाव्याला गेले आणि बोटीवर नुसत्या खेपा केल्या. पलीकडे, अलीकडे, परत पलीकडे. तिसऱ्या खेपेला तिकीट फाडणाऱ्या मुलाने विचारलं, "काकी, काही हरवलंय काय?"

ती म्हातारी पुन्हा भेटली! कोळीण नाहीच ती. मासे विकायला जातच नाही, कोंबड्यांसाठी दाभोळच्या धक्क्यावरून माशांची आतडी-डोकी आणते. मी वही काढल्यावर म्हणाली, "पंचायतीची काय गं तू?" नाही म्हटलं, मी असंच लिहिते. तर म्हणे, "मग लिही, बोटीवर बसायला सावली नाही म्हणून."

पुन्हा लिहिलंय, बघा.

"टेंपो बोटीवर आला तसा एक पोरगा वाकला, मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि टाचेने दोनदा ठोकून बघितला. ड्रायव्हर खाली उतरला नाही. हँडब्रेकवर हात ठेवून पलीकडच्या काठाकडे बघत राहिला. मागे पेट्या, सगळ्या रिकाम्या, एकमेकींवर आपटत होत्या. कठड्याला टेकलेली म्हातारी पाटीवरचं फडकं सारखं करत होती. फडक्याच्या कडेवर माश्या, तिने हाकलल्या नाहीत. 'कोंबड्यांचं आहे,' ती म्हणाली, 'त्यांना चालतात.' बोटीने भोंगा दिला आणि ठोकळा पायात धरून तो पोरगा मोबाइल बघायला लागला."

तारमास्तर काका, पेट्या रिकाम्याच होत्या. तुम्ही बरोबर.

पाखाडी

ताई!! 'त्यांना चालतात' वर मी थांबले. शेवटचं वाक्यही तसंच राहू द्या. फक्त 'सगळ्या रिकाम्या' आपटण्याच्या नंतर आणलंत तर? आधी आवाज येऊ दे.

तिरफळ

माझ्याकडे शाई नाही. ('फडक्याच्या कडेवर माश्या' नंतर स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम चालेल. गप्प बसवत नाही, काय करू.)

जांभा

बघा. सव्वातीन लाख वाचले. म्हणत होतो ना.

तिरफळ

@जांभा, पाखाडीताईंनी जे विचारलं ते त्या नाझारेच्या पुळणीवरून शिकून आल्या. कोणीतरी आधी फी भरली होती.

जांभा

...हे बरोबर आहे. चार दिवस फुकट गेले त्यांचं मात्र मला अजून वाईट वाटतं.

सुरंगीचा_वळेसर

पाखाडीताईंनी सांगितल्याप्रमाणे आयोजकांना विचारलं होतं. काल उत्तर आलं. प्रत्येकाच्या लिखाणावर शिकवणारे लेखक समोर बसून वीस मिनिटं बोलतात, असं आठवड्यात दोनदा. बाकी सगळं गटात.

हर्णैचा_भोंगा

चाळीस मिनिटं. सव्वातीन लाख भागिले चाळीस, मिनिटाला आठ हजार एकशेपंचवीस. मध्ये शिंकलात तरी शे-दोनशे गेले.

निवृत्त_तारमास्तर

वकील महाग असतात त्याहून.

पाखाडी

वीस मिनिटं खरंच देत असतील तर ती चांगली आहेत. मला एकदाच मिळाली, बारा मिनिटं. त्यावर अजून लिहितेय.

सुरंगीचा_वळेसर

गंमत म्हणजे आता 'हे'च म्हणतायत, जा. सोलर पुढच्या वर्षी. तीनशे युरो आगाऊ पाठवायचे आहेत, महिनाअखेरची मुदत आहे. मीच मागे-पुढे करतेय. शनिवारी म्हातारीने घरी बोलावलंय, कोंबड्या दाखवायला. तिचा थोरला मुलगा वीस वर्षं जहाजावर होता म्हणे, लिस्बनला जाऊन आलाय. त्याला विचारते काय बघितलंस. मग ठरवते.

गजालीकार

तो सांगतलो, बंदर बघलंय आणि बार बघलंय. पण इच्यार.

चाकरमानी_दादर

एक साधी शंका. मे महिन्यात गावी येतोय. त्या फेरीबोटीवर बाईक घेतात का? आणि शेवटची खेप किती वाजता?

सुरंगीचा_वळेसर

बाईक घेतात. वेळ धक्क्यावर फोन करून विचारा, सीझनप्रमाणे बदलते. उन्हाची येत असाल तर छत्री आणा, बसायला सावली नाही.